नऊ किलो शंभर

० किलो

बाकं आणायला आम्ही मंगळवारी गेलो. पोर्थकॅरोचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, अकरा वर्षं बंद होतं. आता तिथे सुट्टीसाठी येणाऱ्यांची घरं होणार होती, म्हणून बाकं बाहेर अंगणात काढून ठेवली होती. जुनं पाइन, शंभर वर्षांच्या बुडांनी घासून गुळगुळीत झालेलं. मी आणि क्लेमोकाकांनी चौदा फळ्या व्हॅनमध्ये भरल्या.

क्लेमोकाका एक्याऐंशी वर्षांचे. आयुष्यभर त्यांनी शवपेट्या केल्या. उरलेल्या लाकडातून गावातल्या मुलांना पोटाखाली धरून लाटेवर घसरायच्या फळ्या करून द्यायचे. मी आणि माझा भाऊ पास्को त्यांच्याकडेच रंधा धरायला शिकलो.

"या बाकांवर मी चाळीस वर्षं प्रवचनात झोपलोय," ते म्हणाले. "कुठली फळी चांगली ते मला विचार, सिडवेल."

मी लाकडी सर्फबोर्ड बनवते; या बाकांचा बोर्ड टेगनसाठी होता. टेगन पास्कोची मुलगी, एकोणीस वर्षांची. चार वर्षांपूर्वी पास्को समुद्रात गेला तो परत आला नाही. तेव्हापासून टेगनने पाण्यात पाय घातला नव्हता. मार्चमध्ये तिचा प्लिमथहून फोन आला.

"सिडआत्या, चॅपलची बाकं टाकून देतायत म्हणे. बाबा बसायचे त्या बाकाचा बोर्ड करशील मला?"

मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं.

३ किलो १००

हा सांगाडा.

माझी कार्यशाळा म्हणजे धक्क्यावरचं मासळीचं जुनं कोठार. मासे खारवणं बंद झाल्याला नव्वद वर्षं झाली, तरी दमट दिवशी भिंतींना तेलाचा वास येतो. जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवायचं. एक लपलेला खिळा रंध्याचं पातं खाऊन टाकतो. मग पातळ पट्ट्या कापायच्या. बोर्ड भरीव नसतो. मधे माशाच्या काट्यासारखा सांगाडा, वर आणि खाली पट्ट्यांची कातडी, आत नुसती हवा. प्रत्येक टप्प्याला मी तो मासळी तोलायच्या जुन्या काट्याला टांगते आणि वजन खडूने भिंतीवर लिहिते.

आत हवा असते म्हणून वरच्या बाजूला एक भोक ठेवावं लागतं, पेन्सिल जेमतेम जाईल एवढं. नाहीतर उन्हात हवा फुगते आणि सांधे उकलतात. भोकाला पितळी स्क्रू. जमिनीवर असताना काढायचा, पाण्यात शिरण्याआधी लावायचा, नाहीतर बोर्डात पाणी भरतं आणि तो बुडतो.

क्लेमोकाकांचा त्याबद्दल एक नियम होता. जो स्क्रू काढेल त्याने तो दोरीत ओवून गळ्यात घालायचा, परत लावेपर्यंत. कुणाच्या गळ्यात स्क्रू दिसला की त्या बोर्डाला हात लावायचा नाही. गळा मोकळा दिसला म्हणजे बोर्ड बंद आहे, खुशाल न्या.

८ किलो २००

हा पूर्ण बोर्ड, बंद केलेला.

वरची कातडी चिकटवण्याआधी आतल्या बाजूला पेन्सिलने लिहायची आमच्यात पद्धत आहे. लाकूड कुठलं, कुणासाठी, कोणी केलं. बोर्ड फुटल्याशिवाय ते कुणी वाचत नाही. मी लिहिलं: पोर्थकॅरो चॅपल, डावीकडून तिसरं बाक. टेगनसाठी. सिडवेल.

मग हात थांबला नाही.

पास्को, त्या दिवशी ऊन होतं. तुझ्या बोर्डाचा स्क्रू मी काढला. लाकडाचा ट्रक आला म्हणून एप्रनच्या खिशात टाकला, गळ्यात घातला नाही. तू माझा गळा मोकळा पाहिलास आणि बोर्ड घेऊन गेलास. तू शीळ वाजवत होतास, ती मी ऐकली. स्क्रू संध्याकाळी सापडला, एप्रन खुंटीला अडकवताना.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पास्को त्या दिवशी वल्हवत खडकाला वळसा घालून पलीकडच्या खाडीत निघाला होता, तीन तासांचं अंतर. ना तो मिळाला, ना बोर्ड. गावात म्हणतात, समुद्र शांत होता, पास्कोसारखा माणूस बुडेलच कसा. बायको सोडून गेल्यापासून खचला होता, आपणहून गेला असेल. टेगनही तसंच म्हणते. मी ते कधी खोडलं नाही. तो स्क्रू खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत, फळीवर आहे.

गोंद लावला. चाळीस शिकंजे आवळले.

८ किलो ४५०

गोंद वाळताना वजन कमी होतं. वाढत नाही.

मी काटा तपासला. पाच किलोच्या वजनाला तो पाच किलोच दाखवत होता. बोर्ड उभा केला, आडवा केला, कानाशी धरून हलवला. आत पाणी नव्हतं. टाचणीसुद्धा नव्हती. नवा स्क्रू काढून मी गळ्यात घातला तेव्हा भोकातून नेहमीसारखी हवा सुटली. वास ताज्या पाइनचा यायला हवा होता. तो ओहोटीनंतर खडकात साचलेल्या पाण्याचा आला.

८ किलो ८००

"माझ्या धंद्यात पेट्या जड व्हायच्या," क्लेमोकाका म्हणाले. "पण मी त्यात माणूस ठेवायचो."

त्यांनी घरून स्वतःचा काटा आणला होता. तोही तेच सांगत होता. ते खोक्यावर बसले, खिशातून अर्धी पॅस्टी, मांसबटाट्याची भाजलेली करंजी, काढली आणि न खाता हातात धरून राहिले.

"आत काय लिहिलंस?"

"लाकूड कुठलं ते."

"तेवढंच?"

मी आकडा खडूने भिंतीवर लिहिला.

"लाकूड कुठलं ते लिहिल्याने सहाशे ग्रॅम वाढत नाहीत, पोरी."

ते गेल्यावर मी ओलं बोट भोकावर धरलं. सकाळचे नऊ वाजले होते, कोठारात गारवा होता, ऊन अजून धक्क्यापर्यंत आलेलं नव्हतं. हवा बाहेर येत होती. साधारणपणे स्क्रू काढल्यावर ती दोन सेकंदांत संपते. ही संपेना. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग ती थांबली.

आणि मग बोटाची कातडी हळूच आत ओढली गेली.

मी हात काढून घेतला. बराच वेळ कोठाराच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून चहा केला, जो मी प्यायले नाही.

९ किलो १००

इथे वजन थांबलं. सलग चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, तेवढंच.

खडूने आकडा लिहिताना माझी नजर वर गेली. त्याच भिंतीवर, दोन फूट वर, माझ्याच अक्षरात, चार वर्षांपूर्वीच्या बोर्डाचा आकडा अजून पुसलेला नव्हता.

पास्को. ९ किलो १००.

वजन केलं नाही

रविवारी दहा वाजता टेगन किनाऱ्यावर आली. आभाळ भरलेलं होतं, लाटा गुडघ्याएवढ्या, आळशी. काळा रबरी सूट कमरेपर्यंत चढवून ती दगडावर बसली आणि केशर घातलेला गोड पाव खाऊ लागली. तोंडातला घास न गिळताच बोर्ड मांडीवर घेऊन तिने त्यावरून हात फिरवला.

"चॅपलचा वास येतोय. यावर उभं राहिलं की झोप येईल मला, आत्या."

"तुझ्या बाबाला यायचीच."

"घोरायचे. आई कोपराने ढोसायची." ती हसली आणि हसणं मधेच राहिलं. तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं. दोरीत नवा स्क्रू लटकत होता. "बाबांनी मला चालायच्या आधी हे शिकवलं असेल. गळ्यात दिसला तर हात लावायचा नाही."

"हो."

"एवढी काळजी घेणारा माणूस. म्हणूनच कळतं ना, की ते चुकून नाही गेले."

मी तिच्यासमोर वाळूत बसले. आणि सांगितलं. ट्रक, खिसा, शीळ, एप्रन. चार वाक्यं होती. चार वर्षं ती मला डोंगराएवढी वाटत होती.

टेगनने तोंडातला घास गिळला. पाव तिच्या हातात तसाच होता.

"मी त्यांना शिव्या दिल्या," ती म्हणाली. "रोज. मला टाकून गेले म्हणून. चार वर्षं. तू शेजारी बसून ऐकलंस. चहा दिलास मला वर."

"हो."

"काही बोलू नकोस आता."

तिने पाव दगडावर ठेवला.

"कुठाय तो स्क्रू?"

मी डबी आणली होती. सकाळी फळीवरून उचलली तेव्हा ती खुळखुळली होती. व्हॅनमध्येही, प्रत्येक वळणावर. झाकण उघडलं.

डबी रिकामी होती. तळाला हिरवट गोल डाग होता.

टेगनने डबी पाहिली, मग मला. ती काय समजली मला कळलं नाही. उठून तिने सूट खांद्यांवर ओढला.

"बंद कर तो बोर्ड," ती म्हणाली. "माझ्यासमोर. मी बघणार आहे."

मी दोरी गळ्यातून काढली. नवा स्क्रू भोकावर धरला. तो आत जाईना.

फिरवला. जाईना.

"काय झालं?"

मी खाली वाकले. भोक रिकामं नव्हतं. त्यात पितळ होतं. हिरवं पडलेलं, मिठाने खाल्लेलं, घट्ट बसलेलं.

खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. टेगनने बोर्ड उजेडाकडे वळवला आणि माझ्या खांद्याला खांदा लावून वाकली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

स्क्रूड्रायव्हर टेकवायला खाचच नव्हती.

तिने अंगठा फिरवला आणि हात झटकन मागे घेतला.

डोकं आतल्या बाजूला होतं. आमच्याकडे स्क्रूचं टोक होतं.