शेपटी बदललेला अर्ज

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लीलाबाईंना कारखान्याच्या गेटवर अडवण्यात आलं. वॉचमननं दोन कागद हातात दिले. एक निलंबनाचा. दुसरा त्यांचाच कबुलीजबाब.

पंधरा दिवसांपूर्वी प्रेस मशीनखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. मशीनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं लोखंडी संरक्षण, काढलेलं होतं. कुणाच्या हुकमानं, याची चौकशी चालू होती. मुख्य कचेरीला अर्ज इंग्रजीत लागतो. लीलाबाईंनी अपघाताबद्दलचा आपला अर्ज दुसऱ्याकडून रचून घेतला नाही. उजवा हात बांधलेला, म्हणून एकेक अक्षर सांगून ऑफिसातल्या मंजुषाकडून टाइप करून घेतला.

दहा वाजता त्या बजाजनगरात तनुजाच्या दारात होत्या. तनुजा रविवारी कामगार बायांना इंग्रजी शिकवायची.

“मॅडम, मी असं लिवलंच नाय.”

तनुजानं वाचलं. नऊ वर्षं ‘केअरलेसली’ काम केलं. त्या दिवशीही मी ‘केअरलेस’ होते. गार्डबद्दल चकार शब्द नाही. खाली, ‘युअर्स फेथलेसली, लीलाबाई’.

तिला हसू फुटलं.

“हसता काय? माझी रोजी चालली!”

“नाही जात. चला.”

कारखान्याच्या ऑफिसात चौकशी अधिकाऱ्यांनी दोघींना बसवलं आणि मंजुषाला बोलावलं.

“शनिवारी टाइप केलं तेव्हा कुणाला दाखवलंस?” तनुजानं विचारलं.

“कुणालाच नाही. फाइल ठेवली, सोमवारी न उघडता मेल केली.” मंजुषा रडवेली झाली होती.

“तो कॉम्प्युटर आणखी कोण वापरतं?”

“राजेंद्र सर.”

सुपरवायझर राजेंद्र आला तो तणतणतच. “मी अर्ज बघितला पण नाय. ना शनिवारचा, ना हा. आणि बघायचं काय त्यात? नऊ वर्षं केअरफुली काम केलं म्हणे! मग बोटं काय उंदरानं नेली?”

“तुमच्या घाईनं नेली, साहेब,” लीलाबाई म्हणाल्या.

तनुजानं कागद टेबलावर ठेवला.

“इंग्रजीत शब्दाची शेपटी बदलली की अर्थ उलटतो. ‘केअर’ला ‘फुल’ लावा, माणूस काळजी घेणारा. ‘लेस’ लावा, निष्काळजी. कुणीतरी कॉम्प्युटरला हुकूम दिला, जिथं ‘फुल’ तिथं ‘लेस’ कर. त्यानं सगळीकडे केलं. खालचं ‘युअर्स फेथफुली’, म्हणजे आपली विश्वासू, तेही सोडलं नाही. ‘आपली बेइमान’ असं स्वतःच्या नावावर कोण लिहील?”

“मंजुषाचंच काम असेल,” राजेंद्र म्हणाला.

“तिला टाइप करतानाच हवं ते घालता आलं असतं. लीलाबाईंच्या अर्जातलं ‘केअरफुली’ फक्त शनिवारच्या फाइलमध्ये होतं. या कागदावर ते कुठंच नाही. अर्ज न बघता तुम्हाला कसं कळलं?”

राजेंद्रनं अधिकाऱ्यांकडे पाहिलं. ते लिहीत होते.

“बाई, झालं गेलं विसरा,” त्याचा आवाज उतरला. “नवा अर्ज द्या. गार्डचं तेवढं वगळा. उद्यापासून कामावर या.”

“वगळू?” लीलाबाईंनी डाव्या हातात पेन घेतलं. “तेच पयलं लिवते. गार्ड काढ म्हणून मला कोण म्हणलं, त्याच्या नावासकट.”

इंग्रजीतल्या त्या एका पानाला पाऊण तास लागला. मधे कुणी त्यांना मदत करू पाहिली, तर त्या हात झटकायच्या.

अधिकाऱ्यांनी अर्ज घेऊन पोच दिली. सायंकाळी साडेपाचपर्यंत निलंबन मागे घेतल्याचं पत्र निघालं नव्हतं. लीलाबाई गेटवर येऊन बसल्या होत्या, तिथून हलल्या नव्हत्या.