गाऱ्हाण्यानंतरचे सात सेकंद

सॉफ्टवेअर बदलायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात आठ महिने चालला होता. माझं लग्न ठरायलासुद्धा एवढे दिवस लागले नव्हते.

मी परळच्या भोईवाड्यात राहतो. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या एकमेकींना लागून दोन खोल्या आहेत. एकीत मी, माझी बायको अनुजा आणि आई. दुसरीत माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींना ठोकलेल्या कापसाच्या गाद्या, दोन बरे माईक आणि २०११ साली घेतलेला कॉम्प्युटर. मी भजनं, आरत्या, नमनाची गाणी रेकॉर्ड करतो. तीही दुपारी दोन ते चारच, कारण तेव्हा नळाला पाणी नसतं, पोरं शाळेत असतात आणि चाळ आडवी झालेली असते. समोर गिरणीच्या जागेवर टॉवर उठतोय, त्याच्या पायलिंगचा धपका तेवढा येतो. तो आवाज फार खालचा असतो, नंतर कापून टाकता येतो.

हितेंद्र आणि मी एकाच भजन मंडळात वाढलो. तो कोरसला असायचा. आता दादरच्या एका मोठ्या स्टुडिओत मिक्सिंग करतो आणि दर रविवारी फोन करून माझं डोकं खातो.

"अभ्या, किती दिवस त्या डबड्याला धरून बसणार तू? तुझं ते सॉफ्टवेअर बंद पडून पाच वर्षं झाली. कंपनीवाले पण विसरले असतील रे."

त्याचं खोटं नव्हतं. मी एका वहीत दोन रकाने पाडले. नवं घ्यावं याच्या बाजूने: जुनं आठवड्यातून दोनदा गोठतं, इतरांच्या फाइली त्यात उघडत नाहीत, आणि नव्या कॉम्प्युटरवर ते चालतच नाही. नवं घेऊ नये याच्या बाजूने एकच ओळ होती: 'बोटांची सवय.' कट करायचं म्हटलं की माझी डावी करंगळी आपसूक जागेवर जाते. पण खरं कारण मी वहीत लिहिलंच नाही.

खरं कारण बाबा होते.

माझे वडील भिवा परब. गिरणी होती तोवर साच्यावर, म्हणजे मागावर होते, नंतर मिळेल ते काम केलं, पण भजन सोडलं नाही. आमच्या कोकणात कुठलंही काम सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने देवाला सांगणं सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. त्यात गप्प बसायचं नसतं. कानावर पडलं की म्हणायचं. आमच्या स्टुडिओत बाबांनी गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी पहिला सूर लावला नाही.

मी रेकॉर्डचं बटण गाऱ्हाण्याआधीच दाबून ठेवायचो. त्यात भक्ती नव्हती. माईकची पातळी बघायला खड्या आवाजाचा माणूस लागतो, आणि बाबांएवढा खडा आवाज भोईवाड्यात दुसरा नव्हता. नंतर गाणं तयार करताना मी पडद्यावरच्या रेकॉर्डिंगच्या पट्टीची डावी कड पुढे ओढायचो, म्हणजे गाऱ्हाणं झाकलं जायचं. पुसलं जायचं नाही, फक्त झाकलं जायचं. कड पुन्हा मागे ओढली की बाबा तिथेच असायचे.

ते जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा कळलं की त्यांच्या बोलण्याचं दुसरं रेकॉर्डिंग आमच्याकडे नाहीच. फोनवर एक व्हिडिओ आहे, त्यात ते नुसता हात हलवतात. बाबांचा आवाज उरला होता तो डिस्कवर शिल्लक राहिलेल्या एकोणीस गाण्यांच्या झाकलेल्या कडांखाली, आणि त्या कडा फक्त जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत होत्या. आई अधूनमधून दुपारी यायची, हेडफोन लावून एखादं गाऱ्हाणं ऐकायची आणि उठून जायची. ती "व्हय म्हाराजा" म्हणायची नाही. रेकॉर्डिंगला उत्तर देत नाहीत, एवढं तिलाही समजत होतं.

जानेवारीत जुन्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक करायला लागली. मग निमूटपणे नवा कॉम्प्युटर आणला, त्यावर नवं सॉफ्टवेअर घातलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडले. रोज दुपारी दोन गाणी घ्यायची, कड मागे ओढायची, गाऱ्हाण्यापुरती फाइल काढायची, नव्यात आणायची आणि दोन्हीकडची लांबी वहीत टिपायची. मी या बाबतीत काटेकोर आहे.

पहिली सहा गाऱ्हाणी सेकंदाला सेकंद जुळली. सातवं २०१४ चं होतं. जुन्यात एक मिनिट बारा सेकंद, नव्यात एक मिनिट एकोणीस.

मी फाइल पुन्हा काढली. पुन्हा एकोणीस.

असा घोळ होतो. दोन सॉफ्टवेअरचा वेग वेगळा धरला गेला तर फाइल लांबते, पण मग आवाजही खाली उतरतो, माणूस झोपेत बोलल्यासारखा वाटतो. बाबांचा आवाज होता तसाच होता. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा हय जमली हत, काय चूकभूल झाली तर पदरात घे आणि ह्येंचो आवाज चार लोकांत पोचव रे म्हाराजा!" त्यावर पाच जणांचा "व्हय म्हाराजा". जुन्यात गाऱ्हाणं इथेच संपत होतं आणि गाणं सुरू होत होतं.

नव्यात बाबांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "आणि आमचा बिऱ्हाड आता दुसऱ्या जाग्यार चलला हा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पायलिंग चालू होतं. अनुजा पलीकडे मिक्सर लावत होती. मी परत ऐकलं. मग जुन्यात ऐकलं. जुन्यात ते नव्हतं.

आम्ही २०१४ मध्ये कुठेही बिऱ्हाड हलवलेलं नाही. आम्ही कधीच हलवलेलं नाही. माझा जन्म याच खोलीतला.

मला भीती वाटली, हे लपवत नाही. पण त्याहून जास्त मला हाव सुटली. तीन वर्षं मी तीच एकोणीस गाऱ्हाणी ऐकत होतो, त्यातला प्रत्येक खोकला मला पाठ होता, आणि आता बाबांचे सात नवे सेकंद माझ्या हातात होते. मी सॉफ्टवेअरचा निर्णय त्याच दुपारी घेऊन टाकला. नवं.

आईला ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

"ह्या तेंनी तेव्हा म्हटलेला नाय," ती म्हणाली. "मी भायर दाराकडे उभी होतंय. सगळा ऐकलंय मी."

"मग हे कधीचं, आई?"

"माका काय म्हायत? तुझी मशीन." आणि ती तांदूळ निवडायला गेली.

आठव्यात अकरा सेकंद जास्त निघाले. नवव्यात सोळा. बाबा घाईत नव्हते. "सगळे इले काय?" ते विचारत होते. "येक माणूस मागे रवला हा रे म्हाराजा. तेका एकटा ठेवू नको."

"व्हय म्हाराजा."

बाराव्या गाऱ्हाण्याला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. माझा धंदाच तो आहे, लक्षात यायला इतका उशीर व्हायला नको होता. खऱ्या गाऱ्हाण्यात साथीला पाच आवाज होते: पेटीवाले चिंतामणीकाका, पखवाजावर गणपतदादा, आणि कोरसचे हितेंद्र, विलास, मी. नंतरच्या जास्तीच्या सेकंदांत दोनच होते. चिंतामणीकाकांचा घोगरा आवाज डाव्या बाजूला, आणि गणपतदादांचा उजवीकडे, जरा मागे.

चिंतामणीकाका करोनात गेले. गणपतदादा गेल्या दिवाळीत.

मी हितेंद्रला बोलावलं. तो शनिवारी दुपारी आला, नवा कॉम्प्युटर बघून खूश झाला, पाठीवर थाप मारली. "शाबास! आला एकदाचा माणसात." मी काही न सांगता त्याच्या कानावर हेडफोन चढवले आणि बारावं लावलं. अर्ध्यापर्यंत तो हसत होता. मग त्याने हेडफोनच्या दोन्ही वाट्या हातांनी कानावर दाबून धरल्या.

संपल्यावर त्याने ते मागे नेऊन पुन्हा एकदा ऐकलं.

"माझा आवाज कुठाय रे यात?" त्याने विचारलं.

"पहिल्या भागात आहे. पुढे नाहीये."

"आणि विलासचा?"

"नाही. माझाही नाही."

त्याने हेडफोन उतरवले, वायर नीट गुंडाळली. "बरं झालं नाहीये ते," तो म्हणाला. मग चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "अभ्या, राहू दे. जुन्यावरच राहा तू."

आठ महिने ज्याने माझं डोकं खाल्लं तो हे म्हणत होता. मला राग आला. मी आणखी दोन दिवस काम रेटलं. पण अठराव्या गाऱ्हाण्यात बाबांनी मागे राहिलेल्या माणसाचं नाव घेतलं.

"आमची लक्ष्मी रे म्हाराजा."

लक्ष्मी माझी आई.

मी तिथेच थांबवलं. पुढचं ऐकलं नाही. एकोणिसावी फाइल नव्या कॉम्प्युटरवर आणून ठेवलेली होती, तिला हात लावला नाही. वहीत लांबीही टिपली नाही. दुसऱ्या दिवशी नवा कॉम्प्युटर खोक्यात घालून परत करायचा आणि डिस्क टकटकत असली तरी जुन्यावरच दिवस काढायचे, असं मी ठरवलं. बाबा तेवढेच उरले तर तेवढेच उरोत. अनुजाला म्हटलं, आई ठणठणीत आहे ना? ती म्हणाली, सकाळीच बाजारातून दोन मजले चढून आली, धापसुद्धा लागली नाही, का रे?

दुसऱ्या दुपारी खोकं खाली उतरवायला मी माळ्यावर चढलो. खाली आलो, थर्माकोलचे तुकडे झटकले, चहा घेतला. दहा मिनिटं गेली असतील. स्टुडिओचं दार लोटलेलं होतं.

आई नव्या कॉम्प्युटरसमोर बसली होती. कानावर हेडफोन. कुठलं बटण दाबायचं ते मीच तिला शिकवलं होतं.

पडद्यावर एकोणिसावं गाऱ्हाणं होतं. आवाजाची नक्षी संपली होती आणि उभी रेघ पुढच्या कोऱ्या जागेतून सरकत होती. असं होतं. आवाज संपला तरी रेघ थांबवेपर्यंत चालत राहते.

कोऱ्या जागेत ऐकायला काही नसतं.

आई समोर बघत होती. पडद्याकडे नाही, पडद्याच्या जरा वर, जिथे उभ्या माणसाचा चेहरा येईल तिथे. मान किंचित कलती, पदर सावरलेला.

"आई," मी म्हणालो.

तिने हात वर करून मला थांबवलं. मोठी माणसं बोलत असताना पोराला थांबवतात तसा.

मग ती स्पष्ट म्हणाली, "व्हय म्हाराजा."

एका वाक्याएवढा वेळ गेला. मी मोजला, सहा सेकंद.

"व्हय म्हाराजा."

मी पुढे होऊन वायर उपटली. हेडफोनची नाही, सरळ भिंतीतली. पडदा काळा झाला.

आई तशीच बसून होती. तिसऱ्यांदा, अगदी हळू, ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग तिने हेडफोन काढले आणि माझ्या हातात दिले. ते कोमट होते.

"काय विचारलं बाबांनी?"

"तू ऐकलंस नाय?"

"नाही."

"मग तुझ्यासाठी नव्हता ता," ती म्हणाली. तिचा चेहरा शांत होता. लग्नाच्या फोटोत आहे तसा, जरा लाजल्यासारखा. ती गुडघ्यावर हात न टेकता उठली आणि पलीकडच्या खोलीत गेली.

मी वायर परत लावली. कॉम्प्युटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागली. एकोणिसावं गाऱ्हाणं उघडलं. नव्यात एक मिनिट चार सेकंद. जुन्यात एक मिनिट चार सेकंद. पाच जणांचा "व्हय म्हाराजा", आणि पुढे शांतता. मग सातवं उघडलं. एक मिनिट बारा. बारावं, अठरावं, सगळी उघडली. कुठेही एक सेकंद जास्तीचा नव्हता. वहीत मात्र माझ्याच अक्षरात सगळे आकडे होते.

पाच वाजले असावेत. नळाला पाणी आलं, बाहेर बादल्या वाजायला लागल्या. भिंतीपलीकडे अनुजा रात्रीच्या भाताचे तांदूळ मापत होती. गाद्या ठोकलेल्या असूनही या भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. एक वाटी. दोन वाट्या. तिसरी.

"अनुजा," आई म्हणाली, "माझे तांदूळ धरू नको गो आज."

"का हो आई? उपास आहे का?"

आईने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. तिसरी वाटी परत डब्यात ओतल्याचा आवाज तेवढा आला.