टोपलीतली चाळीस

"मामा, तीनशे पिल्लं मेली. विषबाधा आहे. तुम्ही फक्त येऊन कागदावर तसं लिहून द्यायचं."

सकाळी आठला फोनवर हे ऐकलं आणि डॉक्टर बिंदुमाधवांची कॉफी तोंडापर्यंत न जाताच थंड झाली. पस्तीस वर्षं त्यांनी कोंबड्यांचे रोग पाहिले होते. मल्लेश्वरममधली म्हातारी मंडळी छातीठोकपणे सांगत, की बिंदुमाधव नुसतं पीस हुंगून कोंबडीच्या पणजीचा आजार सांगतो. यातलं निम्मं खोटं होतं. कुठलं निम्मं, ते डॉक्टरांनी कधी कुणाला कळू दिलं नव्हतं.

पण आधी निदान सांगून मग मेलेलं पिल्लू दाखवणारा आजवर कुणी भेटला नव्हता.

तासाभरात भाचा गाडी घेऊन दारात हजर. यशोवर्धनची मारतहळ्ळीत कॉम्प्युटरची नोकरी, शहराबाहेर हेसरघट्ट्याजवळ दोन एकर जमीन, आणि त्या जमिनीचे रोज फोनवर व्हिडिओ. डॉक्टरांनी बॅग डिकीत टाकली.

"संशय कुणावर?"

"संशय कसला? तानूबाईच. पाचशे पिल्लांची राखण तिच्याकडे. शनिवारी निपाणीला लग्नाला गेली, जाताना पाण्यात काहीतरी घालून गेली. काल सकाळी परतली तोवर तीनशे साफ. कंप्लेंट लिहून तयार आहे. पोलीस म्हणतात, डॉक्टरचा कागद आणा."

"तिनं का मारावीत?"

"गावाकडे स्वतःचं खुराडं काढायचंय तिला. चाळीस पिल्लं खोलीत लपवलीत. तेवढीच धडधाकट! आता बोला."

गाडी सिग्नलला अडकली तसा यशोवर्धन दुसऱ्या विषयावर घसरला. बसवनगुडीची शेंगांची जत्रा, कडलेकाई परिषे, होऊन पंधरा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी याच्या ग्रुपने भुरभुर पावसात अख्खा रस्ता झाडला होता. "कचरा असा नसतोच मामा. फक्त डोकं चालवायला लागतं."

शेतावर बॅग उतरवताना तिच्या बुडाला तपकिरी पापुद्रे चिकटलेले दिसले. डॉक्टरांना लागोपाठ दोन शिंका आल्या.

"काय ठेवतोस रे डिकीत?"

"माती. रोपांसाठी."

तानूबाई खोलीच्या पायरीवर बसली होती. पन्नाशीची, काटक. ती रडत नव्हती. कमरेची किल्ली काढून तिनं मुकाट्यानं डॉक्टरांच्या हातावर ठेवली.

डॉक्टरांनी आधी तिची ट्रंक उघडली. दोन लुगडी, एक कंगवा, लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा पुडा. त्यांनी एकेक लाडू फोडून पाहिला, हुंगला. कोपऱ्यात एक बाटली होती, तळाशी पिवळा गाळ. खाटेखाली टोपली, आणि टोपलीत चाळीस पिल्लं. चिवचिवाट असा, की छप्पर उचलून नेतील.

"बाटलीत काय आहे?"

"हळद आन् गुळाचं पानी, डाक्टर. लांबनं आलेली पिल्लं दमत्यात. आमच्याकडं समदी देत्यात."

"कुणाला दिलंत?"

"समद्यास्नी. टोपलीतल्यांना बी."

"मग ही चाळीस वेगळी का?"

"लंगडी, मरतुकडी हैत ती. बाकीची तुडवत व्हती त्यांना. म्हनून हितं जुन्या तुसावर ठिवली. दाना-पानी करा म्हनून भार्गवीअक्कांना सांगून गेले की मी."

यशोवर्धनची बायको भार्गवी दारात उभी होती. तिनं मान हलवली. "दोन्हीकडे तेच पाणी, तोच दाणा. मीच घालत होते."

डॉक्टरांनी भाच्याकडे पाहिलं. "मालकिणीला सांगून लपवलेली चोरी! मी पहिल्यांदाच बघतोय."

यशोवर्धन घड्याळाकडे बघू लागला.

मग सगळे ब्रूडरपाशी गेले. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब द्यायला पत्र्याचं गोल कुंपण आणि वर टांगलेले दिवे. पिल्लं दिव्याखाली गोळा झालेली नव्हती, म्हणजे थंडीनं मेली म्हणावीत तर तेही नाही. उरलेल्यांतली निम्मी मान ताणून, चोच उघडून धापा टाकत होती. डॉक्टरांनी एक पिल्लू कानाशी धरलं. सर्दीचा रोग असता तर छातीत घरघर ऐकू आली असती. हे बिचारं गुपचूप तडफडत होतं.

पायाखाली तुसाची जाड गादी. सोन्यासारखी पिवळी, कोरडी.

"ही कधी बदललीस?" डॉक्टरांनी भाच्याला विचारलं.

"बदललीच नाही. तानूबाई गेली तेव्हाची आहे."

"सरी, ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "तानूबाई, तुसाची पोती किती ठेवून गेला होतात?"

"चार. तोंडं शिवून."

कोपऱ्यात एकच पोतं उभं होतं. तीन रिकामी, नीट घडी घालून ठेवलेली.

मग डॉक्टरांनी फळीवर एक मेलेलं पिल्लू उघडलं. फुप्फुसांवर खसखशीएवढ्या पिवळट गाठी. जठरात दाण्याच्या भरड्याबरोबर एक तांबूस पापुद्रा. तो त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवला, हात धुतले आणि सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"विष नाही," ते म्हणाले. "पाणी एक, दाणा एक, घालणारा हातही एक. तरी मरतुकडी वाचली आणि धट्टीकट्टी मेली. मग फरक कशात? अंथरुणात. टोपलीत तानूबाईंचं जुनं तूस. ब्रूडरमध्ये काय होतं?"

"तूसच," यशोवर्धन म्हणाला.

"शेकड्यांनी पिल्लं त्यावर सहा दिवस हगली, आणि गादी अशी, की मी धुतलेलं धोतर वाळत घालावं! ती कालची आहे, त्या तीन रिकाम्या पोत्यांतली. आधीच्या गादीला बुरशी होती. पिल्लांनी ती श्वासातून घेतली आणि छातीत गाठी झाल्या. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ज्याच्या अंथरुणात बुरशी, तोच मरतो."

त्यांनी खिशातला कागद उलगडला. "पिल्लं गादी टोचून खातात. हे शेंगदाण्याचं साल. असेच पापुद्रे माझ्या बॅगेला लागलेत, तुझ्या डिकीतल्या मातीचे! परिषेतली टरफलं पावसात भिजलेली, पोत्यात कोंडलेली. आठवडाभरात त्यात काय पिकतं, ते माझ्या नाकाला कळलं, मला उशिरा कळलं."

"मामा, हा अंदाज झाला."

"असेल. भार्गवी, दाणा घालायला तू जात होतीस. गादी कसली होती?"

भार्गवी एक पाऊल पुढे आली. "टरफलांची. शनिवारी तानूबाई गेल्यावर घातली. वास येतोय म्हटलं, तर म्हणाले, व्हिडिओ होऊ दे. मंगळवारी मरायला लागली. काल पहाटे सगळं काढून खड्ड्यात पुरलं. मला म्हणाले, स्वल्प गप्प राहा."

"मला बुरशीचं माहीत नव्हतं!" यशोवर्धन ओरडला. "व्हिडिओ सगळीकडे फिरलाय. लोक विचारणार, काय सांगू?"

"माहीत नव्हतं, कबूल. ती तीनशे चुकून मेली. पण काल पहाटे गादी पुरलीस आणि सकाळी या बाईची बाटली शोधलीस, ते चुकून नाही. एक माणूस तू जाणूनबुजून मारायला निघाला होतास."

"घरातली गोष्ट आहे, मामा..."

"म्हणूनच लाज वाटते."

डॉक्टरांनी कागद लिहिला. रोगाचं नाव, कारण, गादी कुणी घातली, कुणी पुरली. खाली सही केली.

"उरलेल्यांना औषध काय द्यायचं?" भार्गवीनं हळूच विचारलं.

"औषध नाही. धापा टाकणारी वेगळी काढा, ती जाणार. बाकीच्यांची जागा धुवा, तूस उन्हात वाळवून घाला. बुरशी पुन्हा होऊ नये, एवढंच हातात असतं."

यशोवर्धन पायरीपाशी गेला. "सॉरी, तानूबाई. सोमवारपासून नेहमीसारखं, हं?"

तानूबाईनं लुगडी ट्रंकेत घातली, झाकण लावलं. डॉक्टरांनी सही केलेला कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो घडी करून कनवटीला लावला.

"टोपली घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जगवलीत ती."

"माझी न्हाईत ती. आता नेली, तर मातुर चोरी व्हईल."

"आता तुमच्यावर आळ नाही, अक्का."

तिनं ट्रंक उचलली. "भाच्याचं सोडा, डाक्टर. मी केलं न्हाई, हे त्याला पक्कं ठावं व्हतं. तुमाला ठावं नव्हतं. तरी बी तुमी पैल्यांदा माजीच ट्रंक उघडली. कोंबड्या मागनं बघितल्या."

डॉक्टरांनी तिची किल्ली परत तिच्या हातावर ठेवली.

तानूबाईनं लाडवांचा पुडा पायरीवर ठेवला. सगळे फोडलेले, बुंदी सुटी झालेली.

"भाचीच्या लग्नातलं हैत. तपासून झाल्यात. खावा आता."

ती फाटकाबाहेर पडून बसथांब्याकडे चालू लागली. खोलीत, खाटेखालच्या टोपलीत, चाळीस पिल्लं दाण्यासाठी ओरडत होती.