मागच्या ताई

म्हणाल ती शपथ घेते, पण यातलं एक अक्षरही मनाचं नाही.

रविवार होता. दुपारचे तीन. लख्ख उजेडात घडलं हे.

मी नाच शिकवते. कंटेम्पररी. पहिल्या मजल्यावर माझा हॉल, खाली शिंप्याचं दुकान. रविवारी ते बंद. म्हणजे खालून मशीनचाही आवाज नाही.

त्या दिवशी सात मुली होत्या. त्यांना मी माझा गाजलेला नाच शिकवत होते.

माझा... असं मी सगळीकडे सांगत आले.

बसवला होता तो चिमणीनं. चिमणी माझी पहिली विद्यार्थिनी, पुढे माझ्या हाताखाली शिकवायचीही. अपघातात तिचा डावा गुडघा कामातून गेला. पण पोरगी जिद्दीची. त्या अधू पायातूनच तिनं नाच काढला. पाय फरफटत आणायचा, टाच दोनदा आपटायची आणि उजव्या हातावर तोल टाकून गर्रकन फिरायचं.

ती फिरकी मला काही केल्या जमेना. मी ती गाळली. उरलेला नाच स्वतःच्या नावावर रंगमंचावर केला.

"ताई, माझं नाव?" तिनं एवढंच विचारलं.

"अगं, नावापेक्षा नाच मोठा!" मी हसण्यावारी नेलं.

पुढच्याच वर्षी ती तापानं गेली. त्या दिवशी माझा प्रयोग होता. मी तिच्या अंत्यदर्शनालाही गेले नाही.

तर त्या रविवारी मी मुलींकडे पाठ करून आकडे मोजत होते. सहा... सात... आठ...

थांबले. मुलीही थांबल्या.

आणि मागे...

घस्स्... ठप. ठप.

"कोण गं ती? थांबा म्हटलं ना!"

वळले. सातही जणी जागच्या जागी उभ्या. कुणाचा पाय हललेला नव्हता.

भास असेल म्हटलं. पुन्हा मोजलं. आठ म्हणून वळून बघते तर...

सातही मुली उजव्या हातावर गर्रकन फिरल्या. एकदम.

मी गाळलेली फिरकी! आम्हा दोघींशिवाय ती कुणी पाहिलीच नव्हती.



"कुणी शिकवलं हे?"

"मागच्या ताईंनी," सगळ्यात धाकटी म्हणाली. "त्या लंगडतात ना, त्यांनी. म्हणाल्या, हे तुमच्या ताईंना जमायचं नाही, म्हणून मी दाखवते."

मुलींच्या मागे भिंत होती. नुसती भिंत.

"मग ताई, हा नाच त्यांनी बसवलाय?"

खरं बोलायची वेळ होती ती. सातही जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाही. मीच," मी म्हणाले.

घस्स्...

आवाज दाराकडे गेला. मग जिन्यावर. एकेक पायरी. खाली... आणखी खाली... मग काहीच नाही.

आणि मला, सांगायला लाज वाटते, सुटल्यासारखं वाटलं.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून चिमणीच्या आईकडे गेले. पाय धरायचे, सगळं कबूल करायचं, असं ठरवून. त्यांनी पाणी दिलं. मी शब्द जुळवत होते, तोच त्या म्हणाल्या,

"तुमचे फार उपकार आहेत हो. पोर सांगायची, आई, ताईंनी तो नाच खास माझ्या पायासाठी बसवलाय."

मी...

मी नुसती मान डोलावली.

त्यानंतर मागच्या ताई कुणालाच दिसल्या नाहीत. धाकटी अजून विचारते, "ताई, त्या आपल्यावर रागावल्या का हो?"

आपल्यावर म्हणते ती.