खांद्यावरचा हात

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या.

पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि माझी मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. ती कपडे शिवते. गिऱ्हाईक जाड झालं असेल तर तोंडावर सांगते. अशी बाई भुताची गोष्ट कशाला रचेल?

आणि भुतं म्हणे रात्री येतात. ही गोष्ट भर दुपारची आहे. लोक जेवून आडवे झालेले असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं... त्या वेळेची.

मावशीच्या घरासमोर एक बेकरी. खाली भट्टी, वर दोन खोल्या. तिथे बेकरीवाली आणि तिची एकुलती एक लेक राहायच्या. बेकरीवाली आणि मावशी अगदी जिवाभावाच्या मैत्रिणी. एकीच्या घरात भांडण झालं की दुसरीच्या घरात चहा व्हायचा.

बेकरीवालीला मोठा आजार झाला. डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, घरी न्या, आता आपल्या माणसांत राहू द्या.

ती रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मला एकटीला मरू देऊ नका गं."

मावशीने तिथल्या तिथे शब्द दिला.

"तुझ्या उशाची खुर्ची रिकामी राहणार नाही."

लेकीला पहाटेपासून भट्टीपाशी उभं राहावं लागे. भट्टी बंद ठेवली तर औषधं कुठून आणायची? म्हणून पाळ्या ठरल्या. सकाळी मावशी, दुपारी रेडिओ, संध्याकाळपासून लेक.

रेडिओ म्हणजे शेजारची एक बाई. एकदा सुरू झाली की बंद करायचं बटणच नाही, म्हणून रेडिओ. मनाने मात्र सोनं.

बेकरीवालीची झोप फार सावध. जरा खुट्ट झालं की जाग यायची आणि मग कळा सुरू. त्यामुळे नियम असा की पाळी बदलताना चकार शब्द काढायचा नाही. येणारीने मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा, बसलेलीने गुपचूप उठून निघायचं. खुर्चीचं तोंड पलंगाकडे, पाठ दाराकडे.

मावशी तर उठताना रेडिओकडे बघायचीसुद्धा नाही. नजरेला नजर भिडली की रेडिओचं तोंड सुटलंच म्हणून समजा! त्यापेक्षा मान खाली घालायची, पिशवी उचलायची आणि सरळ जिना गाठायचा.

तिथेच चुकलं.

मधूनमधून जुनी गिऱ्हाइकं निरोप घ्यायला यायची. एक पोलीस आला, टोपी काढून ढसाढसा रडला. लहानपणी ती त्याला तुटकी बिस्किटं फुकट द्यायची म्हणे. बेकरीवालीनेच त्याची समजूत काढली. "अरे, मरतेय मी, रडतोयस तू. नीट बस." त्या दिवशी सगळ्यांना हसू आलं.

मग एके सकाळी तिने मावशीला विचारलं, "दुपारी येते ती कोण गं?"

"रेडिओ. दुसरं कोण येणार?"

"रेडिओच्या आधी येते ती. बोलत नाही बघ अजिबात."

"बोलत नाही म्हणजे रेडिओ नाही, हे मात्र नक्की!" मावशी हसली.

बेकरीवाली हसली नाही.

"माझ्याकडे बघतही नाही ती..."

"मग कुठे बघते?"

बेकरीवालीने बोट वर केलं. समोरच्या भिंतीवर लेकीचा फोटो होता.

मावशीला वाटलं, औषधांची गुंगी आहे. तिने पांघरूण सारखं केलं आणि विषय बदलला.

पण आदल्याच दिवशी रेडिओने तिला हटकलं होतं. "काय गं, जाताना खुर्ची अशी वाकडी का करून ठेवतेस? रोज भिंतीकडे तोंड!"

मावशीने कधीच खुर्ची वाकडी केली नव्हती.

त्या दुपारी बेकरीवालीचा डोळा लागला होता. पडदे ओढलेले. खालून भट्टीच्या पत्र्याचा आवाज तेवढा येत होता. मावशी पेंगुळली होती.

आणि खांद्यावर हात आला.

गार... दंडापर्यंत गार पडावं इतका.

हात धुऊन आली असेल, असं मावशीच्या मनात आलं. ती उठली. मान खाली, पिशवी हातात, पायांचा आवाज न करता बाहेर. दार लोटून ती जिना उतरू लागली.

अर्ध्या जिन्यात कुणीतरी धापा टाकत वर येत होतं.

रेडिओ.

"अगं उशीर झाला गं मला! ऐन वेळी गॅस संपला, आणि तो मेला सिलिंडरवाला फोनच उचलत नाही, मग मी म्हटलं..."

मावशीने तिला मधेच अडवलं.

"तू... आत्ता वर होतीस ना?"

"मी? वर? अगं, आत्ताच तर येतेय! मला बघ कशी धाप लागलीय."

"मग माझ्या खांद्यावर हात कुणी ठेवला?"

रेडिओ बोलायची थांबली.

आणि त्या शांततेत वरून आवाज आला...

करर्र.

कुणीतरी खुर्चीत बसलं होतं.

दोघी कशा वर पोचल्या ते त्यांनाच ठाऊक. मावशीने दार ढकललं.

खुर्ची रिकामी होती. तोंड फोटोच्या भिंतीकडे. रेडिओने बसायच्या जागेवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. मावशी आत्ताच तिथून उठली होती, तरी जागा गार पडली होती.

बेकरीवाली टक्क जागी होती. तिने मावशीचं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात कुठून आली देव जाणे.

"मला न्यायला नाही आली ती. माझं काय, मी निघालेच आहे. माझ्या लेकीला एकटी टाकू नकोस."

"नाही टाकणार."

"शब्द दे."

मावशीने शब्द दिला.

त्यानंतर मावशी मागे वळून बघितल्याशिवाय कधी उठली नाही. रेडिओलाही सांगून ठेवलं, ये ती बडबडतच ये बाई, झोपमोड झाली तरी चालेल. तीन-चार दिवसांत बेकरीवाली गेली. एक हात मावशीच्या हातात, दुसरा लेकीच्या, आणि लेकीच्या हाताला पीठ तसंच होतं. शांतपणे गेली. पहिला शब्द मावशीने पाळला.

त्या दिवशी भट्टी थंड होती. सगळी गल्ली निरोपाला उभी राहिली. नंतर लोक यायचे, डबे आणायचे, लेकीजवळ बसायचे. मग जगाची रीतच ती, एकेक जण कमी होत गेला. रेडिओ मुलाकडे राहायला गेली.

आणि मावशी?

मावशी घाबरली होती. दारात उभं राहिलं की तिला ती वरची खिडकी दिसायची आणि पाय काही उचलायचा नाही. जात असेल कुणीतरी, अशी ती स्वतःची समजूत घालायची.

एक दिवस ती पाव आणायला बेकरीत गेली. लेक गल्ल्यावर होती. डोळ्यांखाली काळं, गाल बसलेले. चेहरा आईसारखा दिसत होता... शेवटच्या दिवसांतल्या आईसारखा.

"मावशी, सगळ्यांनी खूप केलंत हो माझ्यासाठी," ती म्हणाली. "आता त्या बाईंना सांगा, रोज नका येऊ म्हणावं."

"कोणत्या बाईंना?"

"अहो, त्या बोलत नाहीत त्या. दुपारी भट्टी उतरली की मी वर जरा पडते ना, तेव्हा येऊन बसतात. आईच्या खुर्चीत."

मावशीच्या हातातला पाव खाली पडला.

"आधी बरं वाटायचं. म्हटलं, आहे कुणीतरी सोबतीला. पण हल्ली खुर्ची फार जवळ घेतात हो... अगदी तोंडापाशी."

मावशीने तिला पुन्हा वर जाऊच दिलं नाही. भट्टीवरच्या दोन माणसांना घेऊन स्वतः वर गेली. खुर्ची पलंगाला चिकटून उभी होती. ती खाली आणली, तोडली आणि भट्टीत घातली.

लाकूड चांगलं वाळलेलं होतं. तरी पेटायला फार वेळ लागला.

लेक मावशीकडे राहायला आली. हळूहळू अंगावर मांस चढलं, हसू लागली, मावशीच्या हातच्या चहाला नावंही ठेवू लागली. मावशीला वाटलं, सुटलो बाई.

मग एक दुपार आली. लेक पहाटेपासून राबून समोरच्या खाटेवर झोपली होती. मावशी मशीनवर अस्तर शिवत होती. पाठ दाराकडे.

मशीनचा आवाज असूनही तिला जाणवलं, की घर एकदम शांत झालंय.

आणि खांद्यावर हात आला.

सवय फार वाईट. मावशी अर्धी उठलीसुद्धा!

मग तिला आठवलं. समोर लेक झोपलीय. आपण उठलो की ही जागा रिकामी.

ती सगळं वजन टाकून खाली बसली.

हात निघाला नाही. खांदा धरून वर ओढू लागला... म्हणजे तिला उठवायलाच बघत होता. मावशीने दोन्ही हातांनी मशीन घट्ट धरलं. आणि बोलली.

"जागा भरलेली आहे, बाई."

बऱ्याच वेळाने हात उचलला गेला. पण परत जाणाऱ्या पावलांचा आवाज काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशीने मशीन फिरवून पाठ भिंतीला लावली. हात आला नाही. पण त्याच दुपारी लेक किंचाळत उठली. पायाशी कुणीतरी बसलं होतं म्हणाली.

मावशीने मशीन पुन्हा होतं तसं ठेवलं. म्हणते, पाठीमागे असलेलं परवडलं, निदान ती कुठे आहे ते तरी कळतं.

आजही ते चालू आहे. रोज नाही, पण येतो हात. मावशी मागे बघत नाही, काम सोडत नाही. तेवढं एक वाक्य बोलते. लेकीला तिने या हाताबद्दल काहीही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मावशीला दुपारी झोप येत नाही, म्हणून बिचारी शिवत बसते.

पण मावशी आता थकलीय. गुडघे गेलेत, सुईत दोरा ओवता येत नाही. परवा दुपारी मी तिच्याकडे गेलो होतो. समोर लेक गाढ झोपली होती. मावशी रिकामंच मशीन चालवत होती, सुईखाली कापड नव्हतं.

माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "माझ्यानंतर इथे कोण बसेल रे?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

उत्तर अजून दिलेलं नाही. आणि तेव्हापासून मी मावशीकडे संध्याकाळीच जातो.