दुसऱ्या स्विचखालचा दाणा

स्कॅनचे फोटो अडकले तेव्हा पेशंट टेबलावर होता.

पडद्यावर नाव दिसत होतं, जन्मतारीख दिसत होती. फोटो तेवढा उघडेना. पांढरं चक्र नुसतं फिरत राहिलं. सर्जनबाईंनी वाट पाहिली, मग घातलेला चिरा शिवून घेतला आणि त्याला अँब्युलन्समधून ग्रोनिंगनच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. माणूस वाचला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक विभागात कुणीच कुणाशी नीट बोलत नव्हतं.

रुग्णालयांतल्या यंत्रणा कोलमडल्या की त्या का कोलमडल्या हे शोधून काढणं, हा चित्स्के बाउमाचा धंदा. विभागप्रमुख दीदरिकने तिला दारातच गाठलं.

"उत्तर तयार आहे. तुझी फक्त सही हवीय. योरितने भर दुपारी नेटवर्कचा स्विच बंद केला. याच महिन्यात त्याला कायम करायचं होतं. आता नाही. आज पाचच्या आत त्याला घरी पाठवतोय."

"माझी सही फार हळू येते," चित्स्के म्हणाली. "आधी बघू दे."

खानावळीतल्या टेबलावर गोल टोस्टांचं ताट तसंच पडून होतं. लोणी, आणि त्यावर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेचे गुलाबी-पांढरे दाणे. पलीकडे योरित बसला होता. स्वेटरच्या खांद्यावर दुधाचा वाळलेला ओघळ.

"मुलगी?" चित्स्केने ताटाकडे बघत विचारलं.

"नीन्के. आठवड्याची आहे. मुलगा असता तर निळे दाणे आणले असते. कालच वाटणार होतो. मग कुणाला खावंसं वाटलं नाही."

"किती झोपलास?"

"कधी?"

चित्स्के खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"स्विच तू बंद केलास?"

"पहिला. त्याला नवी आवृत्ती चढवायची होती. दीदरिकला विचारलं होतं मी."

"भर दुपारी?"

"दोन आहेत ना. फोटो ठेवलेत त्या साठ्यापासून सर्व्हरपर्यंत दोन वेगळ्या वाटा. दोन्हींवर साठ्याच्या ने-आणीशिवाय दुसरं काही धावत नाही. एक वाट बंद केली की सगळं दुसरीवरून जातं. त्यासाठीच तर दोन ठेवतात."

"मग गेलं का नाही?"

"तेच कळत नाहीये. पहिला परत चालू झाला आणि फोटो धडाधड उघडायला लागले."

"दुसरा आधी तपासला होतास?"

"दिवे हिरवे होते. पिंग करून पाहिला, चाचणीचं पाकीट पलीकडे जात होतं."

"केवढा पिंग?"

योरितची नजर ताटाकडे गेली. मग म्हणाला, "छोटा."

"तू इथे लागलास कधी?"

"उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपल्यावर. दुसऱ्या स्विचला मी हातही लावलेला नाही. लावायची वेळच आली नाही."

यंत्रांच्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: आत खाणंपिणं सक्त मना. खाली दीदरिकची सही. कार्ड लावून दार उघडलं ते खेर्बेनने. उंच, किडकिडीत आणि तोंडाचा फटकळ.

"या खोलीचं कार्ड किती जणांकडे?"

"चौघांकडे. मी, दीदरिक, मार्लूस आणि तो बिचारा."

चित्स्केने लॅपटॉप दुसऱ्या स्विचला जोडला. लहान पाकीट पाठवलं. गेलं. मोठं पाठवलं, फोटोंची ने-आण होते त्या आकाराचं. गायब. पुन्हा पाठवलं. पुन्हा गायब.

"पाकिटाच्या आकाराची मर्यादा साठ्याकडे नऊ हजार बाइट, सर्व्हरकडे नऊ हजार, पहिल्या स्विचवर नऊ हजार," ती पुटपुटली. "आणि हा पठ्ठ्या पंधराशेवर बसलाय. कारखान्यातून आला तसाच. म्हणून नावं जातात आणि फोटो अडकतात."

"म्हणजे योरितने बदललं?"

"फळीवरून हा स्विचचा डबा जरा उचल. खालचा क्रमांक बघायचाय."

खेर्बेनने दोन्ही हातांनी तो उचलून धरला. चित्स्केने टॉर्च मारला. फळीच्या मधोमध, डब्याच्या वजनाखाली चिरडून चिकटलेला एक दाणा होता. तिने तो नखाने खरवडून तळहातावर घेतला. बडीशेपेचा वास आला. वरची साखर निळी होती.

"तू हे बडीशेपेचे टोस्ट खातोस?" तिने मूठ मिटत विचारलं.

"मी? गव्हाचा कण पोटात गेला तर आठवडाभर आडवा होतो. पण माझ्यासाठी वेगळं काही आणायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मार्लूसनेही आणलं नव्हतं."

"मार्लूसने कधी वाटले?"

"वसंतात. तिचा तैमन झाला तेव्हा. रजेवर होती, बाळ दाखवायला आली होती. वर्षभरात या विभागात बाळं दोनच. बाकी आमच्याकडे फक्त सर्व्हर जन्मतात."

मार्लूस जिन्यात भेटली.

"बाळाला घेऊन आलीस त्या दिवशी यंत्रांच्या खोलीत गेली होतीस?"

"कशी जाणार? रजेवर जाताना कार्ड काढून घेतात. परत मिळवायला नंतर मला किती खेटे घालावे लागले, विचारू नकोस. त्या दिवशी पाहुण्यासारखी खानावळीत बसले होते."

"बाकीचे?"

"सगळे तैमनभोवती. दीदरिक मात्र एक टोस्ट आणि ताकाचा पेला उचलून चालता झाला. म्हणे, स्विचचं काम अर्धं राहिलंय. पोराचं तोंडसुद्धा धड पाहिलं नाही."

चित्स्केने सगळ्यांना खानावळीत बोलावलं. दीदरिक उभाच राहिला.

"झाली सही?"

"झाली असती. पण दुसरा स्विच चुकीचा लावलेला निघाला. मोठी पाकिटं त्याच्यातून जातच नाहीत."

"म्हणजे योरितचीच चूक. स्विच तोच सांभाळतो."

"तसंच वाटलं असतं. पण त्याच्याखाली हे सापडलं."

तिने मूठ उघडली. मार्लूसने वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "निळा."

"निळा. डब्याखाली, मधोमध. फळी आणि डबा यांच्यात नखही जात नाही, तिथे दाणा घरंगळत जाणार नाही. म्हणजे दाणा आधी पडला आणि डबा त्याच्यावर नंतर ठेवला गेला. निळे दाणे इथे एकदाच आले, तैमन झाला तेव्हा. स्विच बदलला गेला तो त्या दिवशी, काल नव्हे."

योरितने पहिल्यांदाच मान वर केली.

"योरित तेव्हा इथे नोकरीलाच नव्हता. मार्लूसकडे कार्ड नव्हतं. खेर्बेन टोस्टाला शिवत नाही. राहिला तो टोस्ट आणि ताक घेऊन स्विचच्या कामाला गेलेला माणूस."

"एका बडीशेपेवरून?" दीदरिक हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

"बडीशेप मिळण्याआधीच मला शंका आली होती. दोन वाटांपैकी एक बंद झाली आणि सगळं ठप्प झालं, तर कुणीही पहिल्यांदा काय विचारेल? दुसरी का चालली नाही. योरितला तेच कोडं पडलं होतं. तू सकाळपासून एकदाही विचारलं नाहीस. तुला उत्तर माहीत होतं." ती थांबली. "मूळ स्विच कुठे आहे, दीदरिक?"

दीदरिकने खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"माझ्या कपाटात. खालच्या कप्प्यात." तो आता खाली बसला. "ताक सांडलं. थेट आत. पाटी मीच लावलेली, सांगणार कुणाला? अडगळीतला जुना स्विच उचलला, बसवला, वायरी जोडल्या. दिवे हिरवे झाले. पाकिटांचा आकार राहून गेला. पहिला चालू होता तोवर कुणाच्या लक्षात येणार नव्हतं."

"राहून गेलं, हे कुणाच्याही हातून होतं," चित्स्के म्हणाली. "काल फोटो अडकले तेव्हा आठवलं ना?"

"लगेच."

"आणि तिकडे सर्जनबाई ऑपरेशन थांबवून हात वर करून उभ्या होत्या. एक शब्द बोलला असतास तर दुसरा स्विच तिथल्या तिथे नीट झाला असता. त्याऐवजी तू याचं नाव घेतलंस. माझा अहवाल संचालकांकडे जातो. तुझ्याकडे नाही."

खेर्बेन किल्ली घेऊन गेला. परतला तेव्हा त्याच्या हातातल्या डब्याच्या जाळीवर पांढरा, कडक थर होता. मार्लूसने नाक मुरडलं. दीदरिक उठून गेला.

योरित अजून तसाच बसला होता.

"माझं काय होईल?"

"तुझ्या नावावर एकच चूक लिहीन. छोटा पिंग. त्यावरून कुणाला काढत नाहीत. पण आयुष्यात पुन्हा करू नकोस."

त्याने मान हलवली. डोळे पुसायला हात वर नेला आणि स्वेटरच्या बाहीला दुधाचा वास आला तसा मध्येच थांबून हसला.

"दीदरिकचं एक मात्र बरोबर होतं," चित्स्के म्हणाली आणि ताटातला एक टोस्ट उचलला. "तुला पाचच्या आत घरी पाठवायला हवं. ऊठ. ती जागी असेल."

तिने घास घेतला. दोन गुलाबी दाणे टेबलावर सांडले. तिने बोट ओलं करून ते एकेक टिपले आणि खाऊन टाकले.