सातव्या मजल्यावरचा डबा

ते साल दोन हजार तीन. डिसेंबर लागला होता आणि कुवेतमधल्या फिंतासला समुद्रावरून असा बोचरा वारा सुटला होता की नाशिकहून आणलेली स्वेटरं एकदाची बॅगेतून बाहेर निघाली. शुक्रवारची दुपार होती. शलाका वडिलांबरोबर जमियात, म्हणजे वस्तीच्या सहकारी दुकानात, वाणसामान भरायला गेली होती. हरिश्चंद्र भाजीच्या काट्याशी रेंगाळले, ती तांदळाकडे वळली, आणि बघते तर एक तरुण तांदळाच्या पोत्यावर वाकून वास घेत होता.

सडपातळ अंग, पावसाच्या भुरभुरीनं कपाळाला चिकटलेले केस. त्यानं मूठभर दाणे घेतले, मूठ आवळली आणि हिरमुसून परत सोडले.

"तो बासमती आहे," शलाका इंग्रजीत म्हणाली. "कितीही दाबलात तरी चिकटायचा नाही."

तो दचकला… मग कमरेतून वाकला. "मला चिकटणाराच हवाय."

"आमच्याकडे उलट आहे. भात चिकटला की आई मला बोलते."

"मग आईंना सांगा, तो भात मला पाठवा."

तेवढ्यात हरिश्चंद्र गाडी ढकलत आले आणि थबकले. रिफायनरीतला हा इंजिनियर माणूस वर्तमानपत्र मागच्या, खेळाच्या पानापासून वाचायला घेई. "अरे, हे तर तोमोया. आपल्या भागातल्या क्लबानं जपानहून आणलेले मिडफिल्डर."

पावसामुळे त्याला त्यांनीच गाडीतून सोडायचं ठरवलं. कुठे सोडू, असं विचारलं तर त्यानं त्यांच्याच इमारतीचं नाव सांगितलं. तो सातव्या मजल्यावर, हे चौथ्या. लिफ्टकडे चालताना शलाका त्याच्या पायांकडे बघत होती.

"उजवा गुडघा?"

"तुम्ही गुडघा बघत होतात?"

"सवय आहे. फिजिओथेरपिस्ट आहे मी."

"असं होय… मला वाटलं…"

"काय वाटलं?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

त्याच संध्याकाळी चारुशीलाबाईंनी आंबेमोहोराचा मऊ भात, वर तूप, अशी वाटी स्टीलच्या डब्यात ठेवून लेकीला वर धाडलं. दोन दिवसांनी डबा परत आला. आत समुद्रशेवाळाच्या कुरकुरीत पट्ट्या होत्या.

"बघ, वळण आहे पोराला," आई म्हणाली. "कुणाचा डबा रिकामा पाठवू नये, एवढं कळतं."

आता आपल्याकडेही डबा रिकामा पाठवत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. आईनं त्यात नारळाच्या वड्या घातल्या. त्यानं संत्री पाठवली. आईनं थालीपीठ पाठवलं. दोन्हीकडची रीत एकच, त्यामुळे थांबायचं कुणी, हेच कुणाला कळेना. डबा वर-खाली करत राहिला. पोचवायचं काम शलाकाचं, आणि तिला त्याचा कंटाळा कसा येत नाही, याचं आईला नवल वाटेना.

दारात उभ्यानं होणाऱ्या त्या गप्पांतून शलाकाला त्याची सगळी कहाणी कळली. अठराव्या वर्षी जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये पाऊल टाकलं, पुढे राष्ट्रीय संघाच्या उंबऱ्यापर्यंत पोचला, तेवढ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कुणी विचारलं नाही. कुवेतच्या या क्लबानं एका हंगामापुरता घेतला, तोच शेवटचा धागा होता.

"पण गोल का नाही करत तू?" तिनं एकदा विचारलं. तोवर इंग्रजीतलं 'यू' तिच्या मनात 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "क्लबाचे मॅनेजर कुरकुरतात म्हणे."

"मी गोल करणाऱ्याला चेंडू देतो."

"ते कुणाला दिसतं?"

"तुला दिसतं का?"

तिनं डबा उगाच या हातातून त्या हातात घेतला… कारण हल्ली तिला मैदानावर दुसरं काही दिसतच नव्हतं.

हरिश्चंद्र मात्र त्याची बाजू घेत. "टाकी भरली की सगळे टाकीकडे बघतात. पंपहाउसकडे कोण बघतो? हा पोरगा पंपहाउस आहे."

"किती गं कौतुक," चारुशीलाबाई लेकीला डोळा घालत म्हणत. "स्वतःच्या पंपांचं नाही केलं एवढं."

फेब्रुवारीत चषकाची उपांत्य फेरी आली. आदल्या दिवशी डबा खाली आला, घासून पुसून लख्ख… आणि रिकामा.

"काय गं चुकलं आपलं?" आईचा चेहरा उतरला.

शलाका डबा घेऊन जिन्यानंच वर गेली. दार उघडं होतं, आत बॅगा भरलेल्या.

"मॅनेजर म्हणाले, उद्या स्वतः गोल कर, नाहीतर परतीचं तिकीट," तोमोया म्हणाला. "डबा भरून दिला असता तर तुम्ही पुन्हा भरला असता. मी इथे नसलो, तर तो कुणाला देणार होतीस?"

"आमच्याकडे असा रिकामा डबा आला म्हणजे संबंध संपला."

"आमच्याकडेही," तो हळूच म्हणाला.

तिनं डबा त्याच्या पायाशी ठेवला. "मग हा मी नेत नाही," एवढंच म्हणाली आणि मागे न बघता उतरली.

दुसऱ्या दिवशी पावसाची झिमझिम होती. कुटुंबांसाठी राखलेल्या कडेच्या मोजक्या खुर्च्यांवर तिघं छत्रीखाली बसली. खेळ बरोबरीत होता, वेळ संपत आली होती, आणि ओल्या गवतावरून घसरत आलेला चेंडू तोमोयाच्या पायाशी थांबला. समोर गोल. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. मार, मार, असा एकच गलका. शलाकानं आईचा हात घट्ट धरला.

गोलरक्षक त्याच्या अंगावर धावून आला. तोमोयानं मान वर केली, आणि चेंडू अलगद डावीकडे सरकवला. तिथे कप्तान अहमद एकटाच होता. अहमदनं तो रिकाम्या जाळीत ढकलला.

"मग यानं स्वतः का नाही मारला?" आईनं विचारलं. स्टेडियम नाचत होतं, आणि शलाकाला मात्र त्या भरलेल्या बॅगा दिसत होत्या.

शिट्टी झाली. अहमदनं तोमोयाला खांद्यावर उचललं आणि तो थेट मॅनेजरांच्या सज्ज्याखाली जाऊन उभा राहिला. "हा गेला तर मला चेंडू कोण देणार? तुम्ही?" तो मोठ्यानं म्हणाला. बाकीचे खेळाडूही येऊन उभे राहिले. मग प्रेक्षकांनी तोमोयाच्या नावाचा ठेका धरला, एका कोपऱ्यातून सुरू झालेला, बघता बघता चारी बाजूंनी. मॅनेजर पांढरा पायघोळ दिशदाशा सावरत पायऱ्या उतरले, चिखलातून चालत आले आणि तोमोयाचे दोन्ही गाल चुंबून म्हणाले, "दोन वर्षं. उद्या सही कर."

गाड्यांपाशी आई-वडील मुद्दाम पुढे गेले. तोमोया नखशिखांत भिजलेला.

"तिकीट आठवलं नाही तुला?" शलाकानं विचारलं.

"आठवलं. म्हणूनच भीती वाटली."

"जायची?"

"नाही. भीतीपोटी वाईट खेळायची. मग तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं आलो असतो…" तो थांबला. "शलाका." आजवर तो तिला जपानी रीतीनं, आदरानं शलाका-सान म्हणे. आज ते 'सान' गळलं होतं. "क्लबानं ठेवलं नसतं तरी मी हेच सांगणार होतो. मला तुझ्याबरोबर राहायचंय. कुवेतमध्ये, नाशिकला… कुठेही."

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, "बाबांना विचारावं लागेल."

"विचारलं."

"कधी?"

"जानेवारीत. लिफ्टमध्ये."

"आणि काय म्हणाले?"

"म्हणाले, मला विचारून काय उपयोग, ती ऐकते का कुणाचं."

शलाका हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि तसंच ओल्या डोळ्यांनी तिनं त्याचा गार हात आपल्या हातात घेतला. "माझं हो आहे," ती म्हणाली. "चालेल ना एवढं?"

त्या महिन्याअखेर क्लबानं चषक जिंकला. मे महिन्यात नाशिकला लग्न झालं. मुंडावळ्या बांधलेला जपानी नवरा बघायला अख्खी गल्ली लोटली होती.

तोमोया कुवेतमध्ये ती दोन वर्षं खेळला, मग जपानला आपल्या गावच्या क्लबात परतला आणि छत्तिसाव्या वर्षापर्यंत मैदानावर राहिला. शेवटच्या सामन्यात तो बाहेर निघाला तेव्हा विरोधी संघाचे प्रेक्षकसुद्धा उभे राहिले. अहमद पुढे प्रशिक्षक झाला. हरिश्चंद्र निवृत्त होऊन नाशिकला आले आणि शेजाऱ्यांना पंपहाउसचा सिद्धांत ऐकवू लागले. चारुशीलाबाई लेकीच्या बाळंतपणाला जपानला गेल्या, आणि भाषेचा एक शब्द न येता तिथल्या सगळ्या शेजारणींना आमटी शिकवून आल्या. शलाका तिथल्या इस्पितळात खेळाडूंचे गुडघे सांभाळते.

मुलीचं नाव ओवी. ती शाळेच्या संघात खेळते. मैदानाच्या कडेनं बाप शांतपणे सांगतो, पास दे. फोनवरून आजोबा ओरडतात, मार. ओवी दोघांचंही ऐकत नाही.

"आईवर गेलीये," तोमोया म्हणतो, अगदी शुद्ध मराठीत.